न शिकवलेला गट

माणसाला शिकवलं की माणूस सुधारतो आणि हे विज्ञानाच्या कसोटीवर सिद्ध करता येतं, असं मास्तरांनी भरसभेत ठणकावून सांगितलं. सांगताना हात असा फिरवला की टेबलावरच्या तीन बाटल्या फुटल्या.

मास्तर म्हणजे कारखान्यात काचेच्या बाटल्या खोक्यात भरायला शिकवणारे. त्यांच्या शिकवण्याने खरंच फरक पडतो का, नसेल तर हे पद हवंच कशाला, अशी शंका साहेबांना आली आणि त्यांनी एक संशोधक बाई बोलावल्या. बाईंनी चिठ्ठ्या टाकून कामगार बायकांचे दोन गट केले. एकाला मास्तर शिकवणार, दुसऱ्याला कुणीच नाही. सहा आठवडे दोन्हीकडची बाटल्यांची फूट मोजायची.

मास्तरांनी जीव ओतला. "बाटली मानेला धरू नका. बुडाखाली हात. तान्हं बाळ समजा!"

निकाल लागला. शिकवलेल्या गटाची फूट निम्म्यावर आली होती. मास्तरांची छाती फुगली. न शिकवलेल्या गटाचीही निम्म्यावर. छाती बसली.

"म्हणजे प्रशिक्षणाचा परिणाम शून्य," बाई म्हणाल्या. साहेबांनी तिथंच अहवाल मंजूर केला आणि महिनाअखेरीस पद बंद करायचं ठरवलं.

मास्तर थेट खाली गेले. पहिल्या गटातल्या मावशी खोकं बांधत होत्या.

"मावशी, तुमच्या जाऊबाई दुसऱ्या गटात ना? त्यांना कसं हो जमलं?"

"मी शिकवलं की! जेवणाच्या सुट्टीत सगळ्याच बसायच्या. तुम्ही इतकं चांगलं शिकवलंत, ते काय पोटात ठेवायचं? आणि तिला बोलणी बसली की घरी ती राग माझ्यावर काढते."

"मग बाईंना सांगायचं नाही?"

"त्यांनी विचारलं कुठं? त्या नुसत्या मोजत होत्या."

मास्तर धापा टाकत वर आले. बाई पिशवी भरत होत्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"पटतंय मला. पण अहवाल मंजूर झालाय."

"मग प्रयोग पुन्हा करा ना!"

"कुणावर? न शिकलेलं कुणी उरलंय का आता?"

मास्तर खुर्चीत बसले. बाईंनी समोर एक कागद आणि पेन सरकवलं : या संशोधनाबद्दल आपण किती समाधानी आहात, एक ते पाच. मास्तरांनी पेनाचं टोक एकावरून पाचावर नेलं, पाचावरून पुन्हा एकावर आणलं.

"राहू द्या, नका भरू," बाई हळूच म्हणाल्या. "पेन तेवढं परत द्या. एवढं एकच उमटतंय."