बटणापाशी कोण उभं राहणार?

मी एक जुनी सीडी आहे, आणि मी चिडलेली आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूंनी आपली कहाणी सांगताना आवाज मऊ करावा, दोन उसासे टाकावेत आणि शेवटी सगळ्यांना माफ करून टाकावं, अशी लोकांची अपेक्षा असते. माझ्याकडून ते होणार नाही. ज्यांना उसासे हवेत त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे जावं. त्याला दुसरं काही येत नाही.

तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलंही नसेल, म्हणून आधी ओळख करून देते. मी चहाच्या बशीएवढी गोल चकती आहे. माझ्या मधोमध भोक आहे आणि माझी एक बाजू आरशासारखी चकचकीत होती. 'होती' का म्हणते, ते पुढे कळेलच. दुकानात मी माझ्या बहिणींच्या चळतीत कोरी पडून होते. कोऱ्या सीडीवर संगणकातून काहीही भरता यायचं, पण एकदाच. एकदा भरलं की ते पुसता येत नाही आणि बदलताही येत नाही. माझ्या बहुतेक बहिणींच्या नशिबी कचेरीची कागदपत्रं आली आणि त्या कपाटात कोंडल्या गेल्या. माझं नशीब उघडलं, कारण मला शिट्टीबाईने उचललं.

मी तिला अगंतुगं करते. जिच्या हातून आपण जन्माला आलो तिला कोणी अहोजाहो करत नाही.

शिट्टीबाई तरणतलावावर मुलांना पोहायला शिकवायची. गळ्यात शिट्टी आणि वेळ मोजायचं घड्याळ, खांद्यावर टॉवेल, आणि केसांना बाराही महिने तलावातल्या औषधाचा वास. काठाला घट्ट धरून बसलेल्या मुलाचा हात कसा सोडवायचा, हे तिला बरोबर ठाऊक होतं. ती त्याला कधी ओढायची नाही. शेजारी पाण्यात उभी राहायची आणि सांगायची, "घाई नाही रे बाळा. पलीकडच्या काठाला गेलास की दम घ्यायचा, मग पुढे." हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे याच वाक्याने घात केला.

ती थोरला भाऊ आणि वहिनी यांच्याबरोबर राहायची. भावाला ती दादा म्हणायची, म्हणून मीही म्हणते, नाहीतर त्याला म्हणायला माझ्याकडे दुसरे शब्द आहेत. घर त्यांच्या आईवडिलांचं, म्हणजे बहीण-भाऊ दोघांचं. हेही लक्षात ठेवा.

शिट्टीबाईला नाचायचं वेड होतं. पण घरात कुणाचा वाढदिवस असो की कुणाला नोकरी लागलेली असो, माणसं जमली की दादा म्हणायचा, "तू लाव गं गाणी. तुला त्यातलं कळतं." ऐकायला स्तुती वाटते ना? मलाही आधी वाटली होती. त्या स्तुतीचा अर्थ एवढाच, की बाकीच्यांनी नाचायचं आणि हिने गाण्यांच्या मशिनपाशी उभं राहून बटणं दाबायची. एक गाणं संपत आलं की पुढचं शोधायचं. कुणाला आवाज मोठा हवा, कुणाला मघाचंच पुन्हा हवं. जुन्या फोटोंत सगळे हात वर करून नाचताना दिसतात आणि कडेला एक कोपर दिसतं. ते कोपर तिचं. वर्षानुवर्षांच्या फोटोंत तेच एक कोपर!

तिचा पन्नासावा वाढदिवस जवळ आला तेव्हा तिने मला विकत आणलं. संगणकापुढे बसली की ती स्वतःशी मोठ्याने बोलायची, त्यामुळे बेत मला पहिल्याच दिवशी कळला. "सगळी गाणी ओळीने भरून टाकायची. एकदा बटण दाबलं की विषय संपला. मशिनपाशी कोणीच नको. मी नाचणार." मित्रांनो, माझा जन्म एवढ्याचसाठी झाला. एका बाईला मशिनपासून मोकळं करायचं, यापेक्षा चांगलं काम कुठल्या सीडीला मिळतं?

मला घडवायला तिला महिना लागला. दुपारी तलाव बंद असायचा, तेव्हा ती स्वयंपाकघरात गाणं लावायची आणि ओट्यापुढे उभी राहायची. तिचा नियम साधा होता. पाय आपणहून हलला तर गाणं ठेवायचं, हलवावा लागला तर काढून टाकायचं. मग गळ्यातलं घड्याळ हातात घेऊन ती गाण्याचे ठोके मोजायची. सुरुवात बेताच्या ठेक्याची, म्हणजे बुजरी माणसंही उठतील. मग एकेक पायरी वाढवत न्यायचं. पाचवं गाणं तिचं सगळ्यांत लाडकं होतं. ते लागलं की ती ओल्या केसांनी गिरकी घ्यायची आणि भांड्यांच्या जाळीवर आपटायची. पाचव्यानंतर गुडघेदुखीवाल्यांसाठी एक हळू गाणं, आणि मग पुन्हा जोरात. एवढा विचार लोक घर बांधतानाही करत नाहीत.

शेवटी संगणकाने विचारलं, दोन गाण्यांच्या मध्ये किती जागा सोडायची? चौकटीत आधीच 'दोन सेकंद' असं होतं. तिथे शून्य टाकलं असतं तर गाण्याला गाणं जोडून आलं असतं आणि ही कहाणी वेगळी झाली असती. तिचं बोट तिथवर गेलंही होतं. मग ती हसली. "राहू देत दोन. माणसं दमतात. काठाला आलं की दम घ्यायचा." मी कोरी होते, मला आवाज नव्हता. असता तर ओरडले असते. इतरांच्या दमाची काळजी करण्याची तिची सवय मला तेव्हाच आवडली नव्हती.

माझ्या अंगावर तिने निळ्या पेनाने लिहिलं, 'माझा नाच'.

वाढदिवस तरणतलावाच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत झाला. खिडक्यांच्या काचांवर वाफ धरलेली, कोपऱ्यात पोहण्याच्या फळ्यांचा ढीग, आणि खाली पाण्याचा उजेड हलत होता. नातेवाईक आले, तिच्याकडे शिकलेल्या मुलांचे आईबाप आले, टॉवेल सांभाळणाऱ्या मावशी आल्या. शिट्टीबाईने बटण दाबलं आणि मशिनकडे पाठ फिरवून ती खोलीच्या मधोमध गेली. टॉवेलवाल्या मावशी सर्वांत आधी तिच्या जोडीला उठल्या. पहिलं गाणं, दुसरं, तिसरं. मी इतकी खूश होते की माझी मीच गरगरत होते. गाण्यांच्या मधल्या शांततेत लोक खरंच दम घेत होते आणि हसत होते.

चौथं गाणं फार मोठ्या आवाजाचं होतं. शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागत होतं. दादा भिंतीशी आपल्या मेहुण्याजवळ बसला होता आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडत होता. त्याला वाटत होतं, या गोंगाटात कोण ऐकतंय! तेवढ्यात चौथं गाणं संपलं. दोन सेकंदांची शांतता आली आणि तिच्यात दादाचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू आला.

"आम्ही ठेवून घेतलंय म्हणून, नाहीतर हिला कोण विचारतंय!"

मग पाचवं गाणं सुरू झालं. तिचं लाडकं. त्यावर कोणीच नाचलं नाही. शिट्टीबाईचे हात वर होते, ते हळूहळू खाली आले. ती चालत मशिनपाशी आली, बटण दाबून तिने मला बाहेर काढलं आणि वहिनींच्या पिशवीतली कुठलीतरी दुसरी सीडी लावली. पार्टी संपेपर्यंत ती तिथेच उभी राहून लोकांसाठी गाणी बदलत होती. स्वतःच्या पन्नासाव्या वाढदिवसाला! काठ सोडलेलं मूल पुन्हा काठाला चिकटावं, तशी ती मशिनला चिकटली होती.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. मला तळपाय नाहीत आणि मस्तकही नाही, तरी ती गेली. आणि त्यावर कळस म्हणजे घरी आल्यावर झालेली चर्चा.

"बाई गं, सीडी आधी लावून तरी बघायची," वहिनी म्हणाल्या. "सारखी मध्येमध्ये बंद पडत होती."

"घरी बनवलेल्या वस्तूंचं असंच असतं," दादा म्हणाला. "बिघडलेलीच होती ती."

चोर सोडून संन्याशाला फाशी, ती हीच. नाचता येईना अंगण वाकडं, हे मी ऐकलं होतं. इथे तोंड आवरेना आणि सीडी वाकडी! मी गप्प राहिले, एवढाच माझा गुन्हा. त्या शांततेत ते वाक्य मी घातलं होतं का? आणि ठेवून घेतलंय म्हणे! कुणाच्या घरात कोणी कुणाला ठेवून घेतलंय? आईच्या शेवटच्या आजारात रात्रंदिवस उशाशी बसलेल्या बाईला हा ठेवून घेणार! शिट्टीबाई मात्र "हो, सीडीच बिघडली असेल," म्हणाली आणि भांडी लावू लागली. खरं सांगू? त्या दिवशी मला तिचाही राग आला.

पुढच्याच आठवड्यात दादाने माझ्या भोकातून सुतळी ओवली आणि मला बाल्कनीच्या गजांना टांगलं. का, तर म्हणे चकाकीने कबुतरं घाबरतात. मित्रांनो, कबुतरं कशालाही घाबरत नाहीत. त्यांनी माझ्याच शेजारी बसून संसार थाटला, अंडी घातली आणि माझ्यावर काय काय केलं ते मी सांगत नाही. वारा आला की मी गजांवर आपटायचे. माझं अंग ओरखड्यांनी भरलं. उन्हाने माझी चकाकी उडाली, 'माझा नाच' ही अक्षरं फिकट झाली. शिट्टीबाई रोज सकाळी पोहण्याचे टॉवेल वाळत घालायला यायची आणि माझ्याकडे न बघता आत जायची. असं दीड वर्ष गेलं.

मग दादा नोकरीतून निवृत्त झाला. पार्टी ठरली, खोली तीच. आदल्या संध्याकाळी तो आतून ओरडला, "गाणी तू लाव गं. तुला त्यातलं कळतं." शिट्टीबाई तेव्हा बाल्कनीत होती. हातातला टॉवेल तिने खांद्यावर टाकला. मग तिने माझ्याकडे बघितलं. आत जाऊन कात्री आणली आणि सुतळी कापली. साबणाच्या पाण्याने मला धुतलं, मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसलं, आणि माझ्या ओरखड्यांवरून बोट फिरवत म्हणाली, "अडकशील गं तू."

"अडकले तर अडकले!" असं मला म्हणायचं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने मला लावलं, बटण दाबलं आणि पाठ फिरवून खोलीच्या मधोमध गेली. पहिलं गाणं संपलं, शांतता आली. खोलीतल्या झाडून सगळ्यांना मागची शांतता आठवली असावी, कारण एकही जण बोलला नाही. दादाने तर ओठ असे मिटले होते की जणू डिंक लावलाय. दुसरं गाणं सुरू झालं. नाचत नाचत शिट्टीबाई दादाच्या खुर्चीपुढे आली. गाणं कुठे संपतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? संपल्याबरोबर, अगदी साध्या आवाजात, ती म्हणाली,

"दादा, मशिनपाशी आज तू उभा राहा."

सगळ्यांनी ऐकलं. तिसरं गाणं सुरू झालं. दादा हसला, इकडेतिकडे बघितलं, पण जागचा हलला नाही. आपल्याशिवाय अडतंय कुणाचं, असा त्याचा चेहरा होता.

अडलं. चौथ्या गाण्यात ओरखडा आला आणि मी तिथेच अडकले. एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजू लागला. सवयीने सगळ्या माना शिट्टीबाईकडे वळल्या. ती वळली नाही. तिने मशिनकडे बघितलंसुद्धा नाही. त्या अडकलेल्या तुकड्यावरच ती जागच्या जागी पाय टाकत राहिली, टॉवेलवाल्या मावशीही तसंच करू लागल्या, आणि खोलीत दादाला तोंड लपवायला जागा उरली नाही. ज्याने मला गजांवर टांगलं होतं, तोच शेवटी खुर्चीतून उठला. मशिनपाशी जाऊन त्याने आधी चुकीचं बटण दाबलं.

"शेजारचं, दादा," ती नाचता नाचताच म्हणाली.

त्याने शेजारचं दाबलं. तिचं पाचवं गाणं लागलं. तिने हात वर केले, गिरकी घेतली आणि फळ्यांचा ढीग पाडला. दादा पार्टी संपेपर्यंत मशिनपाशी उभा होता, कारण मी पुन्हा पुन्हा अडकत होते. काही ठिकाणी ओरखड्यांमुळे अडकले. दोन-तीन ठिकाणी मुद्दाम अडकले.

त्या पार्टीचे फोटो मी पाहिलेत. शिट्टीबाई मधोमध आहे आणि कडेला दादाचं कोपर आहे.

त्याने तिची माफी मागितली का, असं तुम्ही विचाराल. नाही मागितली. म्हणून माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो मी जपून ठेवणार आहे. आता मी शिट्टीबाईच्या टेबलाच्या खणात असते. आणखी एकदा वाजले तर वाजले, भरवसा नाही.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना शेवटी एक विनंती करायची असते. जुन्या सीडी टांगू नका, पुसून ठेवा, वगैरे मी सांगणार नाही. आमचं व्हायचं ते होतं. माझं सांगणं वेगळं आहे. तुमच्या घरीही कोणीतरी असेल, जिला त्यातलं कळतं. पुढच्या वेळी माणसं जमली आणि कोणी म्हणालं, "तू लाव गं गाणी," की तुम्ही उठा. तिच्या आधी जाऊन बटणापाशी उभे राहा, आणि तिला नाचायला जाऊ द्या.