जहाजाचा धडा

विद्याखात्याचा डेप्युटी म्हणून तालुक्यातल्या पोरांचं इंग्रजी तपासत मी बैलगाडीने कल्याणला पोचलो, तोवर हाडं खिळखिळी झाली होती. काळुराम नावाच्या मुलाला जहाजाचा धडा वाचायला सांगितला. तो घडाघडा वाचत सुटला. त्याच्यासमोर उघडलेल्या पानावर मात्र कोल्ह्याचं चित्र होतं.

"हे वाचन आहे की आरती?" मी गोपीनाथ मास्तरांवर खेकसलो. "जावं त्या शाळेत हा एकच धडा पाठ."

मास्तर हात जोडून म्हणाले, "रावसाहेब, आपण दरवर्षी हाच विचारता."

मी कोल्ह्याचा धडा पुढे ओढला. दोन ओळी मनात वाचल्या, तिसरीत अडकलो. पुस्तक मिटून म्हणालो, "सगळे पास. गाडी जुंपायला सांगा."