कोर्टातलं गाऱ्हाणं

रुक्मिणीआजींना सहाव्या वर्षी तापात ऐकू यायचं बंद झालं. आज त्र्याण्णवाव्या वर्षीही मालवणात कोण कोणाबद्दल काय बोललं हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळतं. मासळीबाजाराच्या दुसऱ्या टोकाला दोन बायका कुजबुजल्या तरी आजी ओठ वाचून मोकळ्या. फक्त बोलणं मालवणी हवं, शुद्ध मराठीपुढे त्यांची गाडी अडते.

त्यांची नात समीक्षा पुण्यात सिनेमा शिकवते. सुट्टीत ती दोन जुने मूकपट लॅपटॉपवर घेऊन आली. दोन्हींत आरोपीच्या पिंजऱ्यात महादू होता, आजींचा बाप. आजी पोटात असताना तो सिनेमात काम करायला मुंबईला गेला आणि दीड वर्षात तिकडेच अपघातात गेला. मुलगी झाली, नाव रुक्मिणी ठेवलं, असं पत्र आईने मास्तरांकडून लिहून घेऊन धाडलं होतं. उत्तर आलं नाही. बापाला तुझं नावसुद्धा माहीत नव्हतं, असं आई मरेपर्यंत म्हणत राहिली. ते आजींना अजून लागतं, त्यात वयाने काही फरक पडलेला नाही.

समीक्षाला दोन्ही मूकपटांची तुलना करणारा लेख लिहायचा होता. पहिल्यात निरपराध माणूस फासावर जातो, दुसऱ्यात गुन्हेगार सुटतो. दोन्हींत आरोपी हात जोडतो आणि पडद्यावर त्याच्या बोलण्याची एका ओळीची पाटी येते. पण तो बोलतो मात्र चांगलं दहा ओळींचं, आणि मागे उभी असलेली गर्दी दर वाक्याला एकदम तोंड उघडते. हा दिग्दर्शकाचा गलथानपणा, असं समीक्षाने लिहूनही टाकलं होतं.

आजींनी पहिला प्रसंग तीनदा पाहिला आणि त्या हसायलाच लागल्या. गर्दी "व्हय म्हाराजा" म्हणत होती. देवळात घालतात तसं गाऱ्हाणं चाललं होतं, एकाने देवाकडे मागायचं आणि बाकीच्यांनी होकार भरायचा. आवाज नाही म्हटल्यावर काय बोलायचं ते कोणी सांगितलं नसणार, तेव्हा महादूने आपलं गावचं गाऱ्हाणं घातलं. मागचे लोकही इकडचेच असणार, त्यांनी साथ दिली.

पण तो मागत काय होता? आजी पुढे सरकल्या. बायको बाळंतपणातून सुखरूप मोकळी होऊ दे, असं तो म्हणत होता. म्हणजे तेव्हा आजी जन्मायच्या होत्या. समीक्षा लेख विसरली.

दुसरा मूकपट वर्षभरानंतरचा. आजींनी टेबलाची कड धरली. यात काहीच निघालं नाही तर आईचं म्हणणं खरं ठरणार होतं. तरी न बघता राहवेना. त्यांनी मानेनेच लाव म्हणून सांगितलं.

महादूने हात जोडले. आजींनी मागे घ्यायला लावलं, पुन्हा पाहिलं, पुन्हा मागे घ्यायला लावलं. चौथ्यांदा त्यांचे ओठ त्याच्याबरोबर हलू लागले.

"माज्या रुक्मिणीक सांभाळ रे म्हाराजा."

गर्दीने तोंड उघडलं. आजीही तिच्याबरोबर "व्हय म्हाराजा" म्हणाल्या, आणि मग नातीकडे वळल्या.

"पत्र तेका गावलेलां, गो."