पहिलीचा टाक

राहीच्या गळ्यात मंगळसूत्राच्या खाली, काळ्या दोऱ्यात, चांदीचा एक टाक असे, बोटाच्या पेराएवढा. बारकूची पहिली बायको चंद्रकला भाताच्या बांधावर साप डसून गेली आणि वर्षभराने, अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात, राही मुरबाडकडच्या गावातून त्याच्या घरात आली. बिजवराला दिलेल्या बाईने पहिलीला गळ्यात वागवायचं, ही रीत. गोजरने, म्हणजे सासूने, शहापूरच्या सोनाराकडून टाक करून आणला होता. डोळ्यांचे दोन ठिपके, नाकाची रेघ, जोडलेले हात. तोंड मात्र सोनाराने केलंच नव्हतं.

"बरं झालं," गोजर तेव्हा हसली होती. "सवतीला तोंड नसलेलं बरं."

घरात नवं काही आलं की आधी टाकाला लावायचं, मग राहीने घ्यायचं. बारकू आसनगावला एका कारखान्यात कामाला होता आणि शनिवारी येताना शहापूरच्या बाजारातून गजरा आणायचा. दारातच तो राहीच्या गळ्यातला टाक दोन बोटांत धरायचा, गजरा त्याला टेकवायचा आणि म्हणायचा, "घे गो. पहिलं तुझंच." एवढंच बोलताना त्याचा आवाज इतका मऊ व्हायचा, की राही श्वास रोखून उभी राहायची, आपण मध्ये आल्यासारखी. मग तो मान वर करायचा आणि रोजच्या आवाजात म्हणायचा, "लाव आता."

तीन वर्षं तिने तो मऊ आवाज ऐकला. एकदाही तो तिच्यासाठी नव्हता. जिवंत सवत असती तर भांडता आलं असतं, झिंज्या धरता आल्या असत्या. हिला तर सणासुदीला चिंच लावून आपल्याच हाताने लख्ख करायचं.

"मेलेलीचा कसला गो राग?" गोजर म्हणायची. "ती काय तुझी भाकर खाते?"

"पहिली भाकर तीच खाते, आई."

पितृपक्षातल्या नवमीला, नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावाने सवाष्ण जेवू घालतात. त्या वर्षी बारकूने हिरवी साडी आणली होती. टाकाला लावून झाली की राहीने नेसायची. सकाळी तो केळीची पानं आणायला गेला, गोजर शेजारच्या जिवलीला बोलवायला गेली, आणि चुलीवर भात ठेवून राही त्या साडीकडे बघत राहिली. एकदा तरी, एकच वस्तू, आपल्याला पहिली मिळावी.

तिने टाक गळ्यातून काढून खुंटीला अडकवला, चेहरा भिंतीकडे करून. साडी नेसली आणि आरशात पाहिलं. डाव्या भुवईवर, लहानपणी मुसळ लागून पडलेल्या खोकेचा वण होता, तोसुद्धा आज तिला शोभून दिसला. भाताला उकळी फुटेपर्यंत ती तशीच उभी होती. मग साडी होती त्याच घडीवर घालून ठेवली आणि टाक पुन्हा गळ्यात घातला.

टाक गरम होता. कुणीतरी आत्ताच गळ्यातून काढून दिल्यासारखा.

तिने तो उजेडात धरला. डाव्या डोळ्याच्या ठिपक्यावर एक बारीक ओरखडा होता. खुंटीला घासला असेल, असं म्हणून तिने तो पदराने पुसला. ओरखडा गेला नाही.

दुपारी जिवली पाटावर बसली. "वड्यात मीठ घातलंस ना गो? मागल्या साली घरी जाऊन चाटलं मी!" म्हणत ती जेवू लागली. राही वाढत होती. चौथ्या वड्याला जिवलीने हात आडवा धरला.

"बस कर, चंद्रे. पोट फुटंल."

दिवसच तसा, नाव तोंडात येणारच, असं राहीला वाटलं. गोजर टोकेल म्हणून तिने वळून पाहिलं. गोजर नारळाला हळद लावत होती. तिने मान वर करून म्हटलं, "घाल गो चंद्रे अजून एक. लाजते ती."

राहीला हसायचं होतं. गाल हलले नाहीत.

कौलांवर कावळ्याला पान ठेवून बारकू आत आला. हात धुऊन त्याने हिरवी साडी उचलली आणि तो तिच्यासमोर उभा राहिला. मग वाकला. त्याचा चेहरा जवळ आला, आणखी जवळ, इतका मोठा की कपाळ आणि हनुवटी दिसेनाशी झाली. त्याच्या दोन बोटांची ऊब तिला दोन्ही बाजूंनी लागली.

"घे गो राही," तो म्हणाला. "पहिलं तुझंच."

तोच आवाज होता. तीन वर्षं हवा होता तो. मग त्याचे डोळे तिच्यावरून उठून वर गेले, आणि कुणाला तरी तो रोजच्या आवाजात म्हणाला, "नेस आता, चंद्रे."

राहीने ओ द्यायला पाहिलं.

सोनाराने तोंड केलंच नव्हतं.