दोन बोटं आखूड पाय

मित्रांनो, चौदा पायऱ्यांची एक जुनी शिडी तुमच्याशी बोलते आहे. सुताराने माझा डावा पाय दोन बोटं आखूड कापला आणि वर म्हणाला, "धरायला माणूस लागतोच की." म्हणून वीस वर्षं मी दोघांची होते. वर पेंटर, खाली खुंटा. एकदा पाय रोवला की हा हलायचा नाही, म्हणून खुंटा. पेंटरने काम करताना कधी खाली पाहिलं नाही.

पेंटर डोंगराकडच्या समाजाचा, खुंटा नदीकाठच्या. दोन्ही समाजांच्या पक्षांची चिन्हं, डोंगराकडच्यांची बादली आणि नदीकाठच्यांचं कुलूप, आम्ही एकाच ब्रशने रंगवायचो.

"दादा, तुमच्या लोकांची बादली गळतेय."

"तुझ्या कुलपाची किल्ली शोध आधी."

यंदाच्या निवडणुकीत मात्र बादलीवाल्यांचा निरोप आला, "नदीकाठचा माणूस आपल्या भिंतीपाशी नको." खुंट्याच्या घरी कुलूपवाल्यांनी तशीच तंबी दिली. पेंटर नजर चुकवत म्हणाला, "चारच दिवस, खुंट्या. मतदान झालं की ये."

"डावा पाय सांभाळा, दादा," एवढंच खुंटा बोलला.

मला धरायला पक्षाने आपला कार्यकर्ता दिला. पेंटरने त्याला आखूड पाय दाखवला. "आपलेच आहोत ना काका, निर्धास्त चढा," तो पोरगा म्हणाला.

पेंटर बाराव्या पायरीवर असताना उमेदवाराची गाडी आली. कार्यकर्त्याने दोन्ही हात जोडले. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. साहेब दिसले की हात आपोआप जोडले जायचे. मी डावीकडे कलले. पेंटरने तेव्हाही खाली पाहिलं नाही.

पडल्याच्या तिसऱ्या दिवशी पेंटर गेला. शिडी नदीकाठच्यांनी ओढली, असं बादलीवाल्यांच्या सभेत ठरलं. पहिल्या रांगेत कार्यकर्ता मान डोलवत होता. खुंट्याला अंत्ययात्रेतही जाता आलं नाही.

निकालात कुणालाच बहुमत मिळालं नाही. पंधरवड्यात बादली आणि कुलूप एकाच सरकारात बसली. पेंटरच्या बायकोने मला ओढत आणून खुंट्याच्या दारात ठेवलं. "भावजी, ही तुमच्याकडेच राहू दे."

दुसऱ्याच दिवशी दोघं जण फलक घेऊन आले. त्यावर दोन्ही चिन्हं शेजारी शेजारी.

"शिडी दे रे जरा."

"शिडी आहे," खुंटा म्हणाला, "धरणारा नाही."

तेव्हापासून मी त्याच्या भिंतीशी आडवी पडून आहे. मित्रांनो, मला नवा रंग नको. कधी चढायची वेळ आली, तर खालचा माणूस कुठल्या समाजाचा, हे विचारू नका. त्याने आजवर कधी हात सोडला होता का, तेवढं विचारा.