चौथ्या पडद्यावर

यशोधनने गिटारचा पट्टा खांद्यावर टाकला, सूर चढवणारा कॅपोचा चिमटा तारांवर बसवला आणि शिशिरने मान हलवताच सुरुवातीचे सूर छेडले. दोन आवर्तनं झाली नसतील, तोच कीबोर्डवर शिशिरची बोटं थबकली. त्याने यशोधनच्या डाव्या हाताकडे पाहिलं. मग यशोधननेही पाहिलं.

चिमटा चौथ्या पडद्यावर होता.

तो ज्ञानदाचा सूर. दोन वर्षं दर रविवारी भनपुरीच्या या पत्र्याच्या प्रार्थनाघरात ती हे गाणं याच उंचीवर गायची. आज तिच्या स्मरणसभेत ते तिचे वडील गाणार होते. श्यामरावांचा आवाज खालचा, म्हणून तालमीत ठरलं होतं की आज चिमटा लावायचाच नाही. यशोधनने स्वतःच वहीत तसं लिहून ठेवलं होतं. पण हाताला एकदा सवय लागली की तो धन्याचं ऐकत नाही.

आता थांबायचं तरी कसं? माणसं डोळे मिटून उभी होती. शिशिरने मुकाट्याने सूर चढवून घेतला, पियुषने ड्रमवर हलका ताल धरला. श्यामराव माइकपाशी आले. पहिली ओळ कशीबशी निघाली, दुसरीला गळा फाटला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला आणि मग तोंडाशी रुमाल धरून ते बाजूला झाले. एरवी सगळं प्रार्थनाघर मोठ्याने गायचं, पण तिच्या जागी आवाज लावायचा धीर कुणाला होईना. गाणं शब्दांवाचून शेवटपर्यंत वाजलं.

"होता है भाई," शिशिर हळूच म्हणाला. "दुःखात होतंच असं."

यशोधनला ते ऐकवेना. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

तीन रविवारांपूर्वी ज्ञानदाला मोडावरून, म्हणजे फाट्यावरून, मोटरसायकलवर आणायचं काम त्याच्याकडे होतं. त्या सकाळी समता कॉलोनीतल्या त्याच्या घरी नागपूरहून मुलीकडचे पाहुणे आले. पद्मिनीबाईंनी गिटार पलंगाखाली सरकवली आणि लेकाला बजावलं, "पाव्हणे जाईपर्यंत चर्चचं नाव नको काढू, बापा." खिशातला फोन तीनदा थरथरला. यशोधनच्या हातात पोह्यांची बशी होती, चेहऱ्यावर नवरदेवाचं हसू होतं. वाट पाहून ती पायीच निघाली आणि पुढच्या वळणावर ट्रकखाली आली. तिला मूठमाती देताना श्यामराव त्याच्या शेजारीच उभे होते, तरी त्याचं तोंड उघडलं नाही. भित्रा होता तो. त्याला दुसरा शब्द नाही.

सभा संपली. माणसं चहाकडे वळली. यशोधन खाली बसून वायर गुंडाळत होता, तेवढ्यात समोर श्यामरावांचे बूट येऊन थांबले.

"काका, चुकलं माझं."

"गाण्याबद्दल म्हणून राहिला तू?"

यशोधनच्या हातातली वायर तशीच राहिली. श्यामरावांनी खिशातून एक फोन काढला. काच तडकली होती, मागे ज्ञानदाने चिकटवलेलं पिवळं फूल तसंच होतं.

"पोलिसांनी परवा परत देला. तीनदा लावला होता तिनं तुले."

"घरी पाहुणे..." एवढंच तो बोलला. पुढचं त्याला स्वतःलाच इतकं हलकं वाटलं की त्याने ते गिळलं.

"मग मले लावला. मी म्हटलं, मीच येतो घ्याले. म्हणे, बाबा, तुम्ही काहून त्रास घेता, यशोधन येऊनच राहिला असन." श्यामराव फोनकडेच पाहत होते. "मी बूट घालून बसलो होतो. काढून ठेवले."

बाहेर कपबशा वाजत होत्या. कुणीतरी श्यामरावांना चहासाठी हाक मारली. त्यांनी हात वर करून थांबा म्हटलं.

"आता स्कूटर चालवाची हिंमत नाही होत माझी. पुढच्या रविवारी मले घ्याले येशीन?"

यशोधनने मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधला, तो सापडला असता तर बरं झालं असतं.

"येईन, काका."

"त्याच मोडावर उभा राहीन मी."

"हव. किती वाजता येऊ?"

श्यामरावांनी फोन रुमालात गुंडाळून आतल्या खिशात ठेवला.

"तू तिले सांगितली होती तीच वेळ," ते म्हणाले. "साडेआठ."