कुंपणाच्या आतली जागा

महाडच्या कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या माहरुखला त्या वर्षी अमेरिकेच्या साम्राज्यविस्ताराचा पाठ नकोसा झाला होता. पाठ अवघड नव्हता. १८९८ साली क्यूबाचं निमित्त करून अमेरिकेने स्पेनशी युद्ध केलं आणि पोर्तो रिको, ग्वाम, फिलिपिन्स पदरात पाडून घेतलं. त्याच धामधुमीत हवाईही गिळलं.

"फिलिपिन्सच्या लोकांना वाटलं, स्पेन गेला, आता आपण सुटलो," ती घसा ताणून सांगायची. "पण फक्त मालक बदलला. ते पुन्हा लढायला उठले, तर यांनी गावंच्या गावं जाळली!"

त्यावर पोलादपूरच्या वरच्या वाडीतून एसटीने येणारा जितेश विचारायचा, "म्याडम, ह्ये परीक्षेला येनार हाय का नाय?"

वर्गात ही तऱ्हा, तर घरी दुसरी. तिचा धाकटा भाऊ अनस आखातातल्या एका अमेरिकी लष्करी तळावर, ठेकेदाराच्या खानावळीत स्वयंपाकी होता. माहरुखने जेवताना विषय काढायचा अवकाश, तिचे अब्बा रऊफ ताटावरून मान वर करायचे. ट्रकच्या धंद्यात त्यांचं आयुष्य गेलेलं, त्यामुळे आवाज घाटात हाक मारल्यासारखा. "ज्याचं खातेस त्यालाच शिव्या घालतेस? वरचा मजला कुणाच्या जिवावर चढला?"

"अब्बा, तो अनसच्या मेहनतीवर चढला."

"आणि मेहनतीला काम कुणी दिलं?"

माहरुख कपाळावर हात मारून घ्यायची. दगडावर डोकं आपटलं तर निदान दगडाला चरा तरी पडतो.

मग जूनमध्ये तिकडे युद्धाचा भडका उडाला, आणि एका संध्याकाळी अनसच्या तळावर क्षेपणास्त्रं डागल्याची बातमी टीव्हीवर आली. तिची अम्मी नुरजहाँ नमाजाच्या जानमाजवरून उठेचना. रऊफ फोन लावत होते, पलीकडे नुसती रिंग वाजत होती. त्या दिवशी घरात कुणी अमेरिकेचं नाव काढलं नाही.

सकाळी अनसचा फोन आला. "काय नाय झालं अम्मी, वरच्या वर पाडली सगळी." माहरुखने फोन अंगणात नेला तेव्हा मात्र तो खरं बोलला. सैनिक आधीच दुसरीकडे हलवले होते. स्वयंपाकघरात ठेकेदाराने कुणालाच सांगितलं नव्हतं. भोंगा वाजला तेव्हा हे लोक कणीक मळत होते, तसेच पिठाच्या हातांनी टेबलाखाली शिरले.

"मग ये ना परत!"

"पासपोर्ट ठेकेदाराकडे आहे, आपा. सुट्टी सप्टेंबरात."

सप्टेंबरात तो आला आणि माहरुखच्या डोक्यात कल्पना शिरली. साम्राज्य म्हणजे काय ते या पोरांना पुस्तकातून कळत नाही. मग टेबलाखाली बसलेल्या माणसानेच सांगावं. अनस आढेवेढे घेत होता, तरी तिने त्याला इस्त्रीचा शर्ट घालायला लावून वर्गात उभं केलं.

अनस बोलायला लागला. तिथे आईस्क्रीमचे किती प्रकार, एसी किती गार, सैनिक कसे 'थँक यू' म्हणतात, व्यायामशाळा केवढी. क्षेपणास्त्रांचं त्याने दिवाळीच्या आतषबाजीसारखं वर्णन केलं. मुलं पहिल्यांदाच बाकावर पुढे सरकून ऐकत होती. माहरुख खिडकीपाशी दातओठ खात उभी होती.

शेवटी मागच्या बाकावरच्या गौतमीने हात वर केला. "सर, ती जमीन कोनाची हाय?"

"कोणाची म्हणजे? त्या देशाची."

"मग तिथला मानूस आत येतो का?"

"पास असला तर." अनस जरा थबकला. "कुंपणाच्या आत सगळं त्यांचंच. आम्हीही पासावरच. तो रोज गळ्यात घालायचा. एकदा खोलीवर राहिला, तर सकाळभर उन्हात उभं केलं."

माहरुखला वाटलं, आता, आता पोहोचलं! तेवढ्यात तास संपला, आणि जितेशसकट पाचसहा जणांनी अनसला घेरलं. "सर, एजंटचा नंबर देता का?"

घरी येईपर्यंत ती धुमसत होती. चपला भिरकावून ती अनसवर बरसली. "टेबलाखालचं का नाही सांगितलंस?"

"बाहेरच्यांसमोर भीती सांगू, आपा? आणि तिकडे नको जाऊ म्हणालो, तर त्या पोराने मला विचारलं असतं, मग इथे काय करू? तुझ्याकडे आहे उत्तर?"

हा प्रश्न तिला सगळ्यात झोंबला. फिलिपिन्सचं आणि ग्वामचं तिला तोंडपाठ होतं. वाडीवरच्या जितेशचं काय करायचं ते कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं.

सुट्टी संपली तशी अनसने बॅग बाहेर काढली. नुरजहाँने सोडे आणि मसाला बांधून दिला. एवढी वर्षं अमेरिकेची कड घेणारे रऊफ बॅगेवर हात ठेवून बसले. "नको जाऊस रे. माझी गाडी घे चालवायला."

"आता म्हणताय, अब्बा?" माहरुख ओरडली. "एवढी वर्षं मी काय भिंतीशी बोलत होते?"

रऊफनी बॅग आणखी घट्ट धरली. अनसने हळूच त्यांचा हात बाजूला केला. "हा शेवटचा करार. मग बघू."

विमानतळाकडे निघालेली गाडी दासगावच्या वळणाआड गेली तेव्हा नुरजहाँ पदराने डोळे पुसत होती. माहरुखला रडू येत नव्हतं, नुसता संताप येत होता. अमेरिकेचा, ठेकेदाराचा, अब्बांचा, अनसचा. कुणाकुणाचा म्हणून करायचा? पंधरवड्याने जितेशने वर्गाबाहेर गाठून पेढा पुढे केला. "म्याडम, माझा पन व्हिसा आला."

तिने पेढा घेतला. "पासपोर्टची झेरॉक्स घरी ठेव," ती म्हणाली. "आणि भोंगा वाजला की हातातलं टाकून पळ. कुणी सांगायची वाट बघू नकोस."

"हा म्याडम," जितेश हसून म्हणाला.

ती चिडून स्टाफरूमकडे चालू लागली. याने ऐकलं असेल, यावर तिचा काडीचाही विश्वास नव्हता.